इंदूरचे मराठी, पण आपलं घर नक्की कुठलं?

प्रश्न: जन्म इंदूरचा, घरात मराठी, गल्लीत न् शाळेत हिंदी. सहा वर्षं झाली पुण्यात आहे. परवा ऑफिसमध्ये "लाइट चालली गेली" म्हणाले तर सगळे हसले, तू मराठी नाहीस का म्हणे. आणि इंदूरला आम्ही कायम 'मराठी लोक'. घरी येऊन खरंच रडले.

उत्तर १: ताई, मनाला लावून घेऊ नका. होळकरांचं राज्य १९४८ पर्यंत होतं, दोनशे वर्षं माळव्यात राहिलेली मराठी थोडी तिकडची होणारच ना, ती चुकीची कशी?

उत्तर २: मी लग्नानंतर बंगळुरूला आले. रविवारी पोहे फोडणीला न टाकता वाफेवर करते, बडीशेप, शेव, वरून आईने पाठवलेला जीरावन मसाला, डबा उघडला की सराफ्यातली रात्र आठवते, दिवसा सोन्याची दुकानं असतात तिथेच रात्री खायच्या गाड्या लागतात ती. तेवढा वेळ घरीच असते मी.

उत्तर ३: मी परत इंदूरला आलो, तरी पहिलं वर्ष परकंच वाटलं. मित्र पांगलेले. आजीशी रोज बोलायला लागलो तेव्हा कुठे बरं वाटलं.

प्रश्नकर्ती: आत्ताच आजीला फोन केला, तीपण "चालली गेली"च म्हणाली. जीरावन मागवतेय.