दारू कमी, तरी मृत्यू जवळपास तेवढेच?
प्रश्न: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या आकडेवारीत दरडोई दारू युरोपात सर्वाधिक, आफ्रिकेत बरीच कमी. तरी दारूमुळे होणारे मृत्यू लाखामागे अनुक्रमे ५२.९ आणि ५२.२. असं का?

उत्तर: सरासरीत न पिणारेही धरलेत. आफ्रिकेत बहुतेक प्रौढ पीतच नाहीत. पिणाऱ्यांपैकी अनेक एका बैठकीत भरपूर पितात. त्यात क्षयरोग, अपघात, आणि उपचार दूर.

उत्तर: मी व्यसनमुक्ती विभागात परिचारिका आहे. मला धास्ती वाटते ती वेगळीच. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरचे एकदम तोडतात. दोन-तीन दिवसांत फिट, भ्रम, जीवही जातो. कृपा करून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

प्रश्नकर्ता: आणि नाल्ट्रेक्सोन हे औषध?

परिचारिका: दारूची ओढ कमी करतं. अफूजन्य वेदनाशामकं चालू असतील तर मात्र नाही. यकृत आधी तपासतात.