पोरगी बारावीला, १८ पूर्ण नाही. कॉलेजच्या शिबिरात रक्त देऊ द्यावं का?

विट्याचा_बाप
नमस्कार मंडळी. पोरगी सांगलीत बारावी सायन्सला आहे, हॉस्टेलला राहते. १२ जानेवारीला कॉलेजात रक्तदान शिबिर आहे, एनएसएसची पोरं वर्गावर्गात फिरून नावं घेऊन गेली आणि हिनं पण दिलंय नाव. आता झालंय असं की हिला १८ पूर्ण होणार मार्चमध्ये. मी म्हणलं अगं चालत नाही, तर म्हणते मैत्रिणी सांगतात फॉर्मवर १८ लिहायचं, आधार कार्ड कोण बघत बसत नाही, आणि घरच्यांची सही असली की झालं. वजन ४६ किलो, खायची बोंब, सकाळी चहा-बिस्किटावर कॉलेज. पोरगी चांगल्या कामाला निघालीय तर बापानं आडवं कसं जायचं, आणि तिची आई वेगळीच तापलीय की परीक्षा तोंडावर आणि हे काय काढलंय. दोन महिन्यांनी खरंच काय फरक पडतो का ओ? ब्लड बँकेतलं कोण असेल तर सांगा.

मिरजेचा_लॅबवाला
दादा, सरळ नाही म्हणून सांगा. आपल्याकडं १८ ते ६५, बस. आईबापाची सही आणा नाहीतर प्रिन्सिपलची, १७ ला रक्त घेता येत नाही. आणि त्या फॉर्मखाली सही डोनरची असते, म्हणजे खोटं वय पोरगीच लिहून देणार.
वजनात ती बसते, ४५ किलोला ३५० मिलीची पिशवी घेतात (४५० ची घ्यायची तर ५५ च्या वर लागतं). पण खरी गाडी अडते हिमोग्लोबिनला. पोरगा असो पोरगी असो, १२.५ पाहिजे. बोटाला टोचून एक थेंब निळ्या पाण्यात सोडतात बघा, ते मोरचुदाचं पाणी, तुम्ही द्राक्षाला चुन्यात मिसळून मारता तोच मोरचूद. थेंब झटक्यात तळाला गेला तर पास, मधेच घुटमळला की परत. कॉलेजच्या शिबिरात पोरींची अर्धी रांग हितनंच माघारी जाते, आणि चहा-बिस्किटवाल्या तर हमखास.
दुसरं म्हणजे चक्कर. कमी वय, कमी वजन, पहिलीच वेळ आणि पोट रिकामं, हे चार एकत्र आले की आम्ही आधीच खुर्ची धरून उभे असतो. पोरगं कॉटवरनं हसत उठतं, सरबताच्या टेबलापर्यंत जातं आणि तिथं पांढरं पडतं, मग ते बघून रांगेतलं एक बसतं खाली.

कृष्णाकाठची
पण अमेरिकेत माझ्या नणंदेच्या मुलानं शाळेतच दिलं की रक्त! तिकडं बऱ्याच राज्यांत १६ ला पालकांच्या परवानगीनं चालतं, शाळेच्या जिममध्येच कॉट टाकतात म्हणे. मग आपल्याच पोरांना काय झालंय?

मिरजेचा_लॅबवाला
@कृष्णाकाठची ताई, चालतं तिकडं, खरं आहे. पण तिकडं पण त्या वयाच्या पोरांना उंची-वजनाचा वेगळा तक्ता लावतात, आणि पोरींच्या अंगातलं लोह कमी पडतं म्हणून तिथल्या डॉक्टरांची कुरकुर चालूच असते. हिशोब बघा, ३५० मिली रक्ताबरोबर साधारण १५० मिलिग्रॅम लोह जातं. जेवणातनं दिवसाला अंगाला लागतं एक-दोन मिलिग्रॅम, त्यात दर महिन्याची पाळी. भरून यायला किती काळ जाईल तुम्हीच मोजा. म्हणून तर पुरुषांना ३ महिन्यांनी परत देता येतं आणि बायकांना ४ महिन्यांनी. बारावीच्या प्रॅक्टिकलच्या तोंडावर हे कशाला?

तासगावकर_७७
माझं जरा वेगळं म्हणणं आहे. जानेवारीत रक्ताला काय तोटा नसतो, तोटा असतो एप्रिल-मे मध्ये. आमच्याकडं साहेबांचा वाढदिवस आला की शिबिर, जयंती आली की शिबिर, वर हेल्मेट नाहीतर पाण्याचा जार भेट, मग एका दिवसात पिशव्यांचा ढीग. रक्त काय गोदामात ठेवायची हळद आहे का? साध्या पिशवीत ३५ दिवस, त्यातल्या लाल पेशी वेगळ्या काढून औषधाच्या पाण्यात ठेवल्या तर ४२, आणि प्लेटलेट तर ५ दिवसांत गेल्या. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, पोरं गावाला, आणि थॅलेसेमियाच्या (जन्मजात रक्ताचा आजार) लेकरांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना सुट्टी नसते. मागच्या मे मध्ये चुलत्याच्या ऑपरेशनला एका पिशवीसाठी मिरजेत किती दारं फिरलो ते आमचं आम्हाला माहीत, शेवटी भावकीतल्या पोराला ट्रॅक्टरवरनं उतरवून नेला. तुमच्या पोरीचे १८ मार्चमध्ये होतायत, बोर्ड पण तेव्हाच सुटतंय. एप्रिलमध्ये पोटभर जेवून थेट ब्लड बँकेत जाऊ दे, त्या पिशवीची किंमत जास्त आहे.

कृष्णाकाठची
@तासगावकर_७७ हे पटलं. आणि शिबिरादिवशी नावनोंदणीच्या टेबलावर बसायला, सरबत द्यायला माणसं लागतातच की, तिथं बसवा पोरीला. रक्त बापानं द्यावं 😄

विट्याचा_बाप
झालं, माझ्यावरच आलं 😄 फोनवर सांगितलं तिला, आधी फुगली, मग म्हणते ठीक आहे, टेबलावर मी बसते पण पप्पा तुम्ही यायचंच. मी ५१ चा आहे, शुगर-बीपी काय नाही, आजवर कधी दिलं नाही. चालेल ना? आणि दुसऱ्या दिवशी बागेत फवारणी आहे, एसटीपी पंप पाठीवर नसतो पण पाईप ओढायला लागतो.

मिरजेचा_लॅबवाला
चालतंय की. नाश्ता करून या, पाणी जास्त प्या, आदल्या रात्री झोप पाहिजे आणि दारू नको. ज्या हाताला सुई लावली त्यानं त्या दिवशी वजन उचलू नका. पाईप दुसऱ्या दिवशी ओढा, पण भर उन्हात नको, सकाळी उरकून घ्या.

पलूसचा_पैलवान
मधेच विचारतो, वय १९, वजन ७८. गेल्या उन्हाळ्यात यात्रेत हातावर गोंदवलंय. मला देता येतंय का?

मिरजेचा_लॅबवाला
@पलूसचा_पैलवान गोंदवल्यापासून १२ महिने थांबायचं. यात्रा कुठल्या महिन्यात होती? आणि त्यानं सुई नवीन काढली होती का तीच सगळ्यांना फिरवत होता?

पलूसचा_पैलवान
चैत्रातली यात्रा. सुईचं काय बघितलं नाही ओ, गर्दी लई होती.

मिरजेचा_लॅबवाला
मग चैत्र जाऊ दे पुढचा. आणि आत्ताच एकदा कावीळ बी, सी आणि एचआयव्ही तपासून घे सरकारी दवाखान्यात. रक्त द्यायचंय म्हणून नाही, तुझ्यासाठीच.