आखाजीच्या आधी बंगई

आप्पा, अमळनेर: रामराम मंडळी. धाब्याच्या घरातली बंगई, आपला कड्यांवरचा फळीचा झोपाळा, काल खाली उतरवली, चौघं लागलो. फोटो टाकले आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरीबाळी माहेरी येतील तेव्हा टांगलेली पाहिजे. रंगारी म्हणतो, घासायची भानगड नको, वरूनच हिरवा ऑइलपेंट मारतो, दोन दिवसांत मोकळं.

सुरतचा भाऊ: मारू द्या. हिरवीच ओळखीची वाटते.

ताई, पुणे: आप्पा, चौथ्या फोटोत पोपडा निघालाय तिथे खाली निळं दिसतंय का?

आप्पा: हिरव्याखाली निळा, निळ्याखाली गेरूसारखा तांबडा. त्याच्याही खाली पटाशीच्या टोकाने टोकरलं तर सागवान, मधासारखं.

काकू, धुळे: अगं बाई! आणि आपण इतकी वर्षं रंगाखाली झाकून ठेवलं. घासा सगळं. पॉलिश करा.

सुरतचा भाऊ: घासणार कोण? तुम्ही येता का धुळ्याहून? 😄

वहिनी, नाशिक: एक सांगू का आप्पा, कोरडं घासू नका. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90) वर नको, हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासूनचा. आपले हे तिन्ही थर त्याच्या कितीतरी आधीचे. शिसं असेल तर ती धूळ पोरांच्या पोटात जायला नको. ब्लो लॅम्पने जाळणं तर नकोच, शिशाचा धूर होतो.

आप्पा: मग सोडून देऊ?

दादा, शिरपूर: सोडू नका. रिमूव्हर लावून थर फुगू द्या, मग पत्र्याने खरवडा. राहिलेलं वॉटर पेपरने, पाणी मारत. अंगणात, खाली जाडं प्लॅस्टिक टाकून. तोंडाला साधा रुमाल चालत नाही, चांगला मास्क घ्या. आणि पोरं त्या दिवशी शेजारी पाठवा. खरवड एका पिशवीत बांधा, चुलीत घालू नका.
आप्पा, फळीच्या कडेला बारीक भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड आहे का?

आप्पा: आहे. पण मागच्या कडेलाच, बोटभर रुंदीत. बाकी फळी ठणठणीत.

दादा: ते पांढरं लाकूड. घुण्याला, लाकूड पोखरणाऱ्या किड्याला, तेच गोड लागतं, सागाच्या पिकल्या लाकडाच्या नादी तो लागत नाही. तेवढी पट्टी कापून नवी सागाची जोडा. तिथे लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला असता तर आतून चालूच राहिलं असतं.

काकू: आणि पॉलिश? चपडा लाखेचं करा, आमच्या कपाटासारखं चमकेल.

दादा: काकू, कपाटावर कोणी घामाने बसत नाही. लाख उन्हाळ्यात मऊ पडते, ओल लागली की पांढरी होते, गरम चहाचा कप ठेवला की गोल उमटतो. आपल्याकडे वैशाखात 43-44 अंश, दुपारी आप्पा उघड्या पाठीने आडवे होणार. चिकटतील. बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, तीन पातळ हात द्या, मध्ये एकेक दिवस वाळू द्या. फक्त तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा.

सुरतचा भाऊ: 🙏 मी हिरव्याचा हट्ट सोडला.

आप्पा: आजी शेजारी बसली आहे, सगळं वाचून दाखवलं. म्हणते, "रंग कोनताबी द्या, पन आखाजीना आधी टांगा."

फुई, चोपडा: मला रंगाचं काही नाही रे. बंगईचा तो आवाज पाहिजे. रात्री बाबा झोका घ्यायचे, कुईं… कुईं… त्याच्यावरच आम्ही सगळे झोपलो.

दादा: आप्पा, वरच्या कड्यांचा जवळून फोटो टाका.

आप्पा: टाकला.

ताई: अरे देवा.

दादा: जिथे कडीत कडी अडकते तिथे लोखंड झिजून पेन्सिलीएवढं राहिलंय. मूळ जाडी खाली बघा, करंगळीएवढी. फुई, तुमचा तो आवाज याचाच होता. चार दिवस आपण रंगावर भांडतोय, आणि आखाजीला सात जणी एकदम बसल्या असत्या.

आप्पा: माझ्या डोळ्यापुढे काजवे चमकले. आताच लोहाराकडे निघतो. चारही कड्या नव्या, करंगळीपेक्षा जाड. सराचा, म्हणजे छताच्या तुळईचा, आकडाही काढून बघतो.

दादा: सराला हातोडी मारून आवाज ऐका, पोकळ वाजला तर तिथे टांगायचीच नाही.

सुरतचा भाऊ: कड्यांचे पैसे माझ्याकडून. बेलतेल धुळेवाल्यांकडून 😄

काकू: देते बाबा.

आप्पा: सर वाजवला, खणखणीत आहे. लोहार परवा देतो म्हणाला. दर महिन्याला कड्यांत ग्रीस भरायचं, ते काम माझ्याकडे.

फुई: थोडं कमी भर.