व्हीएचएस कॅप्चरसाठी, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेट पीसीत उतरवाले, वेगळी हार्डडिस्क पाह्यजेच, माझं मत. पटत नसंल तं बोला

धानाची_बांधी:
वडस्याकडच्या आमच्या मामाजींचा व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता, तो कधीचाच बंद झाला पण कपाटातून 112 कॅसेट निघाल्या. अर्ध्या लग्नाच्या, बाकी झाडीपट्टीची नाटकं, रात्रभर चालणारी, एकेका नाटकाला दोन-दोन कॅसेट. काहीवर पांढरी बुरशी दिसली म्हणून घाईघाईनं कॅप्चर चालू केलं. पीसी जुना, एकच 1 टीबीची 7200वाली हार्डडिस्क, तिच्यातच विंडोज न् तिच्यातच कॅप्चर. कोडेक (व्हिडिओ दाबून ठेवायची पद्धत) हफवाययूव्ही, चित्र बिघडत नाही पण तासाला 30 जीबी जाते.
परवा एका नाटकाचा तिसरा अंक चालू होता. ड्रॉप्ड फ्रेमचा, म्हणजे गळलेल्या चित्रांचा, आकडा पावणेदोन तास 0 वर बसलेला, न् एकाएकी डिस्कचा दिवा लागला तो विझेचना, आकडा 3, मंग 9, मंग 14. पाहतो तं विंडोज मागून अपडेट उतरवून रायलं. पालमधे, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत, 25 फ्रेमचा सेकंद, 14 गेल्या म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या वर गेलं. आता तिथून पुढं खलनायकाचं तोंड आधी हलते न् आवाज मागून येते. म्हणून म्हणतो, विंडोज एका डिस्कवर, कॅप्चर दुसऱ्या डिस्कवर, याच्यात तडजोड नाही.

हिशोबी:
तडजोड नंतर कर, आधी भागाकार कर. तासाला 30 जीबी म्हणजे सेकंदाला साडेआठ एमबीच्या आत. तुझी डिस्क सेकंदाला 100 एमबी आरामात लिहिते. हा वेगळ्या डिस्कचा सल्ला वीस वर्षांपूर्वीचा आहे, 40 जीबीच्या आयडीई डिस्क होत्या तेव्हाचा, तेव्हा बरोबरच होता. आता नेटची वायर काढ, अपडेट थांबव, अँटिव्हायरसला सांग की कॅप्चरच्या फोल्डरकडे बघू नको. एक रुपया लागत नाही.

धानाची_बांधी:
भाऊ तो 100 चा आकडा डिस्कचं लिहिणारं-वाचणारं डोकं नांगराच्या तासासारखं सरळ चाललं तं. विंडोजले काही वाचायचं असलं की त्याले इकडून तिकडं पळा लागते. 7200 म्हणजे मिनिटाले तितके फेरे, सेकंदाला 120, अर्ध्या फेऱ्याची वाट पाहाले 4 मिलीसेकंद, डोकं हलवाले वरून 8-9, म्हणजे सेकंदाला 80 उड्या झाल्या न् डिस्क थकली. बारक्या बारक्या फायली वाचत असंल तं त्या 80 उड्यांत अर्धा एमबीही निघत नाही. तुमचा भागाकार बरोबर, पण डिस्कले एकच काम हाय असं धरून केला.

कॉटन_मार्केट:
मी तर डी ड्राइव्ह वेगळी पाडली, विंडोज सी वर, कॅप्चर डी वर, झालं की वेगळं

धानाची_बांधी:
अबे ते पार्टिशन होय, डिस्क तेच, डोकंही तेच. एकाच बैलाले दोन नावं ठेवली म्हणून बैलजोडी होते का? उलट आता त्याले सी न् डी च्या मधात लांब उड्या.

रात्रपाळी:
वेगळी डिस्क घ्या म्हणणाऱ्यांनी कोणती ते पण सांगावं. मी हौसेनं यूएसबीवाली 2 टीबी आणली, चपटी, खिशात मावणारी. नवीन होती तोवर छान. अर्ध्याच्या वर भरली, जुन्या फायली उडवून नव्या टाकायला लागलो तेव्हापासून मधूनच दम खाते. नंतर कळलं एसएमआर आहे. त्यात पट्टे एकावर एक चढवलेले असतात, घरावरच्या कवेलूसारखे, मधलं एक कवेलू बदलायचं तर त्याच्यावरचे सगळे उचला. दम खाताना प्रोग्रामचा बफर (डेटा थांबवून ठेवायची जागा) भरला की फ्रेम गेल्याच.

हिशोबी:
घ्या. म्हणजे वेगळी डिस्क घेऊन आधीपेक्षा वाईट. हेच म्हणतोय मी.

रात्रपाळी:
नाही, तुम्ही डिस्कच नको म्हणता, मी ही नको म्हणतो. फरक आहे. आणि कोणी पेनड्राइव्हवर करत असेल तर त्याची फॉरमॅट फॅट32 असेल तर 4 जीबीला फाईल संपते, तासाला 30 च्या हिशोबानं आठव्या मिनिटाला.

जुना_व्हीसीआर:
सगळे डिस्कवर तुटून पडले, कॅसेटला कोणी काही विचारलं का? जुन्या टेपचा सिग्नल डळमळतो, सिंक तुटला की कॅप्चर स्टिकला फ्रेमच मिळत नाही, तीही ड्रॉपमध्येच मोजली जाते. तिथं सोन्याची डिस्क लावा, काही होत नाही, तिथं टीबीसी लागते, म्हणजे डळमळता सिग्नल सरळ करणारं यंत्र. ओळखायचं असं की कॅसेट काढून सेटटॉप बॉक्सची पिवळी वायर लावा अन् तासभर कॅप्चर करा. 0 आला तर दोष टेपचा.

लाईन_गेली:
आमच्याकडं 45 डिग्री अन् दिवसातून तीनदा लाईन जाते, यूपीएस नसंल तं कोणत्याही डिस्कवर करा, सारखंच. कॅप्चरची एव्हीआय फाईल असते, तिचं इंडेक्स (कोणतं चित्र कुठं त्याची यादी) शेवटी लिहिल्या जाते, मधात लाईन गेली की फाईल दुरुस्त करत बसा. कूलरही पीसीच्या तोंडासमोर लावू नका, सगळा ओलावा आत.

हिशोबी:
112 कॅसेट, तीन-तीन तास, 30 जीबीनं 10 टीबी होतात. ते कुठं ठेवणार? सेकंदाला 8 मेगाबिटनं थेट एच264 कर, तो जास्त दाबणारा कोडेक आहे, तासाला 3.6 जीबी, सगळं सव्वा टीबीत बसेल आणि डिस्कला सेकंदाला 1 एमबी. वादच संपला.

धानाची_बांधी:
लग्नाच्या कॅसेट तशाच करतो, ते मान्य. नाटकं नाही. पेट्रोमॅक्ससारखा पिवळा उजेड, मागं अंधार, त्या अंधारात एच264 नं ठोकळे ठोकळे दिसते, करून पाह्यलं. आधी हफवाययूव्ही, साफसफाई, मंग लहान करून मोठी उडवतो.

धानाची_बांधी:
तीन दिवसांनी लिहून रायलो. सेटटॉप बॉक्स लावला, एक तास, सी वरच, ड्रॉप 0. पुन्हा लावला न् मुद्दाम 20 जीबीचं फोल्डर कॉपीले टाकलं, 22. जुन्या पीसीतली 500 जीबी साटा डिस्क आत लावली, कॅप्चर तिच्यावर, तेच फोल्डर सी वर कॉपी, 0. मंग तिसरा अंक परत चालवला, दुसऱ्याच डिस्कवर, तिथंच 2 गेल्या, दोनदा केलं तरी तिथंच 2.

जुना_व्हीसीआर:
ते 2 टेपचे. 12 तुझ्या डिस्कचे.

हिशोबी:
कॅप्चर चालू असताना 20 जीबी कॉपी कोण करतं?

धानाची_बांधी:
माझा पुतण्या. मी चहाले गेलो की गेम टाकते.

हिशोबी:
मग डिस्क पोरासाठी घेतली म्हण की.

धानाची_बांधी:
म्हणा. ते बुरशीच्या कॅसेटचं सांगा कोणी, तशाच चालवू का?

जुना_व्हीसीआर:
अजिबात नाही! बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागली की पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागेल. त्या वेगळ्या पिशवीत बांध, चांगल्या सगळ्या आधी उरकून घे.