बारा बोरच्या बंदुकीची काडतुसं पावसाळ्यात कशी ठेवावी?

प्रश्न: लष्कर भाग, ग्वाल्हेर. चामड्याच्या पट्ट्यातल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवं चढलंय. तेल लावू का?

उत्तर: तेल मुळीच नको! काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी असते, तिच्यात झिरपलं की बार फुसका. आधी पट्ट्यातून काढा. चामडं कमावताना वापरलेली आम्लंच पितळ खातात. कोरड्या फडक्याने पुसा. खड्डे पडलेली, फुगलेली वेगळी काढून परवानाधारक विक्रेत्याला दाखवा. बाकी रबरी कडेच्या घट्ट डब्यात, ओल शोषणारं सिलिका जेल घालून, कुलपात. माळ्यावर नको, मे महिन्यात तिथे भट्टी असते.

दुसरं उत्तर: कागदी नळीची काडतुसं आधी संपवा, ती दमट हवेत फुगून बंदुकीत अडकतात. आणि दादा, साठा परवान्यावरच्या आकड्यातच. एकावेळी जवळ ठेवायची मर्यादा वेगळी, वर्षभरात घ्यायची वेगळी.