मदत हवी आहे: पेठेतल्या घराचं अंगण फोडून गाडी आत घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात मंगळवार पेठेत, नंगीवली चौकाच्या आतल्या बाजूला आमचं जुनं घर आहे. वॅगनार सध्या गल्लीतच, आमच्या भिंतीला चिकटून लावतो. एक आरसा गेलाय, दारावर ओरखडे आहेत, आणि सिलिंडरचा टेम्पो आला की कडी वाजलीच, "वहिनी, गाडी जरा पुढं घेता काय?" मिस्टर म्हणतात, कंपाउंड फोडू, गेट बसवू, गाडी आत घेऊ. सासूबाईंचा साफ विरोध. मी मधे.

घराचं तोंड 18 फूट, अंगणाची खोली 15 फूट. मधोमध दार आणि पायऱ्या. डावीकडे छोटं गेट, तुळस आणि कट्टा. उजवीकडचा भाग मोकळा, गाडी तिथं घ्यायची म्हणतात. वॅगनार लांबीला 12 फूट, रुंदीला आरसे सोडून साडेपाच फुटांच्या आत. कागदावर बसते. पण त्या मोकळ्या भागाखाली पाण्याची टाकी आहे, 6 बाय 5 ची. मामांनी (सासऱ्यांनी) पूर्वी बांधून घेतलेली. वर स्लॅब, त्यावर शहाबादी फरशी, तोंडाला लोखंडी झाकण. चाक बरोबर झाकणावरनं जाणार. गवंडी म्हणतो, "काय होत नाही, वरनं सहा इंच काँक्रीट ओततो, ट्रक उभा करा." त्याचा आत्मविश्वास बघूनच मला धास्ती बसली.

गल्ली 12 फुटी. समोरच्यांच्या मोटारसायकली कायम उभ्या. आत घेताना काटकोनात वळवायची, काढताना रिव्हर्स, आणि संध्याकाळी तिथंच पोरांचं क्रिकेट.

आणखी एक हिशोब मला सुटत नाही. आज भिंतीलगत आमची एक गाडी लागते. गेट झालं की गेटसमोरची जागा मोकळी ठेवावी लागणार. म्हणजे आत एक मिळाली, बाहेरची एक गेली. पाहुणे आले की त्यांची गाडी कुठं? शिवाय गणपतीत मंडळाचा मांडव आमच्या दारापासून चार हातांवर पडतो, तेव्हा आतली गाडी आतच. नवरात्रात अंबाबाईला येणाऱ्यांच्या गाड्या पार पेठेत शिरतात. तेव्हा गेटवरची 'गाडी लावू नये' पाटी कोण वाचतंय?

सासूबाईंचं एकच वाक्य आहे, "अंगण गाडीला दिलंस, मग मी भाजी निवडायला रस्त्यावर बसू काय?" खरं सांगायचं तर मलाही संध्याकाळचा तो कट्टा घालवायचा नाही, पण मिस्टरांसमोर हे अजून बोलले नाही.

दुसरा पर्याय म्हणजे जवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर महिना भाड्यानं जागा मिळतेय. चालत पाचेक मिनिटं. मामांचे गुडघे गेलेत, भर पावसात त्यांना दवाखान्यात न्यायचं तर गाडी दारात लागते. सगळं घोडं तिथंच अडलंय.

टाकीवर गाडी चालेल का? आणि 12 फुटी गल्लीत कुणी असं गेट केलंय का?

कोबा_आणि_काँक्रीट:
ताई, बांधकामातला माणूस म्हणून सांगतो, त्या गवंड्याला आधी थांबवा. जुन्या स्लॅबवर काँक्रीट ओतल्यानं त्याला बळ येत नाही, नुसतं ओझं वाढतं. सहा इंच काँक्रीट म्हणजे चौरस फुटाला जवळपास 35 किलो. तुमची टाकी 30 चौरस फुटांची, म्हणजे टनभर वजन. वॅगनार रिकामी असताना साडेआठशे किलोच्या आसपास भरते. गाडी यायच्या आधीच तुम्ही टाकीवर एक गाडी उभी करताय!

माणसांनी चालायचा स्लॅब आणि चाकाखालचा स्लॅब यांत फरक असतो. माणसं बसलेली गाडी घेतली तर एका चाकाखाली तीनशे किलो तरी येतात, तेही तळहाताएवढ्या जागेवर. टाकी उपसायची वेळ येईल तेव्हा आत बॅटरी मारून स्लॅबची खालची बाजू बघा. तांबूस रेघा, पोपडे, उघडी सळई दिसली तर विषय संपला, स्लॅब काढून नवा घालायचा. नीट दिसला तरी जाडी आणि सळई स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. आणि झाकण चाकाच्या वाटेतनं हलवाच. नव्या स्लॅबमध्ये तोंड पायरीच्या बाजूला घ्या, कड चार बोटं वर ठेवा. नाहीतर गाडी धुतलेलं पाणी आणि ठिबकलेलं ऑइल प्यायच्या पाण्यात जाणार.

बोळातला_ड्रायव्हर:
गेट किती रुंदीचं धरलंय? अरुंद गल्लीत आतल्या लांबीपेक्षा गेटची रुंदी जास्त महत्त्वाची. 8 फुटांचं केलंत तर रोज खांबाला बंपर घासणार. 9 फूट तरी ठेवा. भिंत फोडायच्या आधी एक करा. एखाद्या मोकळ्या मैदानात चुन्याच्या रेघा मारून तेवढ्याच रुंदीची गल्ली आणि तिच्या कडेला गेटचे दोन खांब आखा, तिथं विटा मांडा, समोरच्या मोटारसायकलींची जागाही आखा, आणि वहिनी, तुम्ही स्वतः गाडी आत घालून बघा. मिस्टरांना जमतं म्हणजे झालं असं नाही. दवाखान्याच्या वेळी ते घरात असतीलच कशावरनं?

गेट बाहेर उघडणारं करू नका, रस्त्यावर झडप येते. आत उघडणारं केलं तर गाडीला अडतं. सरकतं केलं तर ते तुमच्या छोट्या गेटवर जाऊन बसणार. आमच्याकडे फोल्डिंग केलंय, तीन झडपांचं.

पेठकर:
गटारीचं कोण बोलंना. भावानं आमच्या दारात रॅम्प करताना गटार काँक्रीटनं बंद केली. पहिल्याच मोठ्या पावसात तुंबली, पाणी सोप्यात. गटारीवर ढापे (झाकणाच्या फरश्या) सुटे टाका, उचलता यायला पायजेत. उतार रस्त्यात पुढं काढला की महापालिकेची नोटीस ठरलेली, तवा उतार आपल्या हद्दीतच धरायचा. आणि सिटी सर्व्हेचा उतारा आणि नकाशा काढा. गल्ली रस्ता हाय का सामायिक बोळ, ते त्यात कळतं. सामायिक असंल तर शेजारी "हो" म्हणाल्याशिवाय भिंतीला हात लावू नका, जन्माचं वाकडं व्हतंय.

बाकी आत्यांचं (तुमच्या सासूबाईंचं) बरोबर हाय. कट्टा ठेवा.

(धागाकर्ती):
सगळ्यांचे आभार. टनभर वजनाचा हिशोब मिस्टरांना वाचून दाखवला, ते गप्प बसले, गवंड्याला नको म्हणून कळवलं. सिटी सर्व्हेचा उतारा आणि नकाशाही काढला, गल्ली महापालिकेचा रस्ता आहे, तेवढी एक काळजी मिटली.

टाकी उपसली. खालून एका कोपऱ्यात सळई दिसतेय. म्हणजे स्लॅब नवा, मग झाकण, फरशी, गेट, ढापे. आकडा बघता निदान पावसाळा संपेपर्यंत प्लॉटवरची जागा भाड्यानं घेतोय. मामांना न्यायचं असलं की गाडी दारात आणायची आणि परत नेऊन लावायची, एवढा त्रास चालेल असं ते स्वतःच म्हणाले. स्लॅब मात्र बदलायचाच आहे, गाडी येवो न येवो, कारण त्यावर रोज आम्हीच चालतो. तो करतानाच गाडीच्या वजनाचा घालून ठेवावा असं मिस्टरांचं मत, सासूबाईंना त्यात डाव दिसतोय.

@कोबा_आणि_काँक्रीट, 30 चौरस फुटांचा स्लॅब चाकाच्या वजनाला घालायचा तर साध्यापेक्षा खर्च किती वाढतो? आणि काम चालू असताना टाकीशिवाय किती दिवस काढावे लागतील?