मदत हवी आहे : स्तोत्रांतील ‘सबाओथ’ या उपाधीचा नेमका अर्थ काय घ्यावा?

सप्रेम नमस्कार. बायबलमधील हिब्रू स्तोत्रांमध्ये देवाच्या नावाला जोडून येणाऱ्या ‘सबाओथ’ (शब्दशः ‘सैन्ये’) या उपाधीसंबंधी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मराठी बायबलमध्ये ‘सेनाधीश परमेश्वर’ असे वाचल्यावर डोळ्यांसमोर रणांगण उभे राहते आणि दावीद गल्याथाला जे सुनावतो (1 शमुवेल 17:45), तेथे ते चपखल बसतेही. परंतु 84 व्या स्तोत्रात हीच उपाधी चार वेळा येते आणि तिसऱ्या वचनात तर ती चिमणीला सापडलेल्या घराच्या व पिलांसाठी निळवीने बांधलेल्या कोट्याच्या अगदी शेजारी आहे. तिथे कसली आली सेना? उलट स्तोत्र 103:21 मध्ये ‘सैन्ये’ म्हणजे देवाची इच्छा पूर्ण करणारे स्वर्गीय सेवक दिसतात, 33:6 मध्ये बहुधा तारे, तर 44:9 मध्ये निःसंशय इस्राएलाची हाडामांसाची माणसे.

प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी स्तोत्रांत याचा अर्थ ‘सामर्थ्यांचा प्रभू’ असा घेतला, यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात मात्र मूळ शब्दच ठेवला. त्यामुळे ही अडचण जुनीच असावी.

माझी खरी अडचण 80 व्या स्तोत्रात आहे. तेथे ‘एलोहीम सबाओथ’ असे येते (‘एलोहीम’ म्हणजे ‘देव’); ‘सैन्यांचा देव’ म्हणायचे असते, तर व्याकरणानुसार ‘एलोहे’ हे षष्ठीसंबंधाचे रूप अपेक्षित होते. तेव्हा येथे ‘सबाओथ’ हे स्वतंत्र विशेषनामच झाले आहे, की 42 ते 83 या स्तोत्रांत ‘यहोवा’ या देवाच्या विशेषनामाच्या जागी सर्रास ‘एलोहीम’ आल्याचा हा परिणाम आहे? हिब्रू व्याकरणाचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सप्रमाण उलगडा करावा.